तंबोऱ्यातला गंधार आणि इतिहासाचा पेपर

बारावीनंतर एखाद्या मुलीने किंवा मुलाने ‘मला संगीत घेऊन बी.ए. करायचे आहे’ असे म्हटले, की घरात आणि शिक्षकखोलीत साधारण एकच प्रश्न निघतो : गाणे तर क्लासातही शिकता येते, मग त्यासाठी विद्यापीठ कशाला? प्रश्न रास्त आहे. नुसते गाणे शिकायचे असेल तर चांगला गुरू मिळणे हेच महत्त्वाचे, तो विद्यापीठात भेटतो की गल्लीत हा तपशील झाला. पण विद्यापीठाकडून दोन गोष्टींची अपेक्षा करता येते, ज्या क्लासात मिळतीलच असे नाही. एक म्हणजे आपण जे गातो ते कोठून आले, कसे बदलत आले, हे पुराव्यानिशी समजून घेणे. आणि दुसरी म्हणजे कानावर पडलेले नेमके ओळखता येणे, त्याला नाव देता येणे, ते लिहिता येणे आणि पुन्हा उभे करता येणे. पहिलीला आपण संगीताचा इतिहास म्हणतो. दुसरीला मराठीत अजून पक्के नाव नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांत तिच्यासाठी स्वतंत्र तास असतात, ऐकून स्वरलिपीत लिहिण्याची परीक्षा असते. आपल्याकडे जसे ‘गळा तयार आहे’ म्हणतात तसे ‘कान तयार आहे’ असेही म्हणतात. या लेखापुरते आपण तिला कानाची तयारी म्हणू.

अडचण अशी, की या दोन गोष्टींची फारकत झालेली आहे. अभ्यासक्रमात ‘शास्त्र’ आणि ‘प्रात्यक्षिक’ अशी दोन खाती असतात. शास्त्राच्या पेपरात विद्यार्थी ‘एका सप्तकात बावीस श्रुती असतात’ असे लिहितो, त्यांची वाटणी सांगणारा संस्कृत श्लोक लिहितो, कोष्टक काढतो आणि पूर्ण गुण मिळवतो. त्याने एकही श्रुती कधी कानाने पडताळलेली नसते. लिटमस न बघता आम्ल आणि आम्लारी यांतले फरक लिहिण्यासारखे हे झाले. विज्ञानाच्या शिक्षकाला हे खटकायला हवे. आणि गंमत म्हणजे या बावीस श्रुती पडताळून बघण्याचे साधन संगीत विभागाऐवजी बहुधा आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतच धूळ खात पडलेले असते.

ही फारकत आजची नाही आणि केवळ आपलीही नाही. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत संगीत हा विषय होता, पण तो अंकगणित, भूमिती आणि खगोल यांच्या पंक्तीला बसवलेला. एकतारीसारख्या उपकरणावर तारेच्या लांबीची गुणोत्तरे काढायची, हे तेव्हाचे विद्यापीठीय संगीत. सहाव्या शतकातल्या बोएथियस या पंडिताने तर वाजवणारा, रचणारा आणि पारख करणारा अशा तीन पायऱ्या सांगून तिसऱ्यालाच खरा संगीतज्ञ ठरवले. अकराव्या शतकातल्या ग्विदो या इटालियन भिक्षूनेही जाणणारा आणि नुसता गाणारा यांत मोठे अंतर असल्याचे म्हटले आहे. पण गायकवृंदातल्या मुलांना न ऐकलेली चाल वाचून गाता यावी म्हणून ‘उत्-रे-मी-फा-सोल-ला’ ही स्वरनामे बांधली तीही याच ग्विदोने. म्हणजे तक्रार करणाऱ्यानेच पूल बांधला.

आपल्या परंपरेत यासाठी दोन सुंदर शब्द आहेत : लक्ष्य आणि लक्षण. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायले-वाजवले जाणारे संगीत, लक्षण म्हणजे त्याचे नियम. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाचे नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ ठेवले. जुन्या ग्रंथांतली लक्षणे आणि आज कानावर पडणारे लक्ष्य जुळत नाही, तेव्हा लक्ष्य पाहून नवी लक्षणे बांधायला हवीत, असा त्यांचा पवित्रा होता. पेशाने वकील असलेल्या या माणसाने पुराव्याची बाजू बरोबर ओळखली होती.

युरोपात १८८५ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी गिडो आडलर यांनी संगीतविद्येचे ऐतिहासिक आणि व्यवस्थात्मक असे दोन विभाग पाडून दाखवले. पुढे विद्यापीठांतली संगीतखाती बऱ्याच अंशी त्याच आराखड्यावर उभी राहिली. आणि त्याच वर्षी अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने निरनिराळ्या देशांच्या स्वरसप्तकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. सप्तकाचे १२०० समान भाग पाडून प्रत्येकाला ‘सेंट’ म्हणण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरतात ती एलिस यांची. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचे अंतर असते, एवढे ध्यानात ठेवले की पुढचा हिशेब सोपा जाईल. पण एलिस यांच्याबद्दल सांगण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे : त्यांचा स्वतःचा कान अगदी कच्चा होता. मोजमापात त्यांना साथ होती ती हिपकिन्स या पियानोच्या धंद्यातल्या तयार कानाच्या माणसाची. एकाकडे गणित, दुसऱ्याकडे कान. विद्यापीठाने एकाच विद्यार्थ्यात हे दोन्ही आणून दाखवावे, एवढीच अपेक्षा आहे.

आता कानाची तयारी म्हणजे नेमके काय, ते एका साध्या प्रयोगाने पाहू. शाळेत तंबोरा आणि पेटी असेल तर हा प्रयोग दहा मिनिटांत होतो. तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची, मग जोडाच्या दोन आणि शेवटची खर्जाची. नीट जुळवलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार एकटीच छेडावी आणि शांतपणे ऐकावे. सुरुवातीला फक्त सा ऐकू येतो. थोड्या वेळाने त्याच नादातून एक उंच, बारीक गंधार वर येतो. कोणत्याही तारेवर न लावलेला. याला गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. मुलांना तो पहिल्या प्रयत्नात ऐकू येत नाही. त्यांना आधी गळ्याने तो गंधार हलकेच गाऊन दाखवावा, मग तार छेडावी. एकदा ऐकू आला की मग तो ऐकू न येणे अवघड होते.

हा गंधार येतो कोठून? तार कंप पावते तेव्हा मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा वारंवारताही उमटतात. त्यांना आपण संनादी म्हणतो. खर्ज १२० हर्ट्‌झचा धरला तर दुसरा संनादी २४०, म्हणजे जोडाचा सा. तिसरा ३६०, म्हणजे पंचम. चौथा ४८०, म्हणजे तारसप्तकातला सा. पाचवा ६००. हाच आपला गंधार. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा या वाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केले होते. तार जेथे छेडली त्या ठिकाणी ज्या संनादीचा निस्पंद बिंदू येतो तो संनादी उमटू नये, असा नियम आहे. तंबोऱ्यात तोही उमटतो, याचे कारण रुंद घोडी आणि जवारीचा दोरा, हे रामन यांनी दाखवून दिले. जवारी काढणाऱ्या कारागिराला हा नियम ठाऊक नसतो. तो मोडायचा कसा हे मात्र पक्के ठाऊक असते.

आता पेटी घ्या. पेटीचा आणि तंबोऱ्याचा सा अगदी एक झाला आहे याची खात्री करून पेटीवर गंधार दाबा आणि तंबोरा छेडा. गंधार कुरकुरतो, लाटा आल्यासारखा वाटतो. पेटीच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे २४० च्या साचा गंधार ३०० ऐवजी सुमारे ३०२.४ हर्ट्‌झवर येतो. त्याची दुप्पट ६०४.८. तंबोऱ्याचा गंधार ६००. दोघांत सेकंदाला सुमारे पाच विस्पंद. पंचमाला हीच तुलना केली तर फरक इतका थोडा, की दोन-अडीच सेकंदांत एखादा विस्पंद येतो, तो बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून पेटीचा पंचम चालतो आणि गंधार खुपतो. (काही वादक पेटीच्या पट्ट्या नैसर्गिक गंधाराला लावून घेतात. मग गंधार गोड लागतो, पण सा बदलायची सोय जाते.) मुलांनी हे विस्पंद बोटांवर मोजले की ‘समविभाजित सप्तक’ हा शब्द पाठ करायची गरज उरत नाही.

इतकी तयारी झाली की दोन हजार वर्षे मागे जाता येते.

भरताच्या नाट्यशास्त्रात अठ्ठाविसाव्या अध्यायात एक प्रयोग सांगितला आहे. दोन अगदी सारख्या वीणा घ्यायच्या. त्या काळची वीणा आजच्यासारखी पडद्यांची नसून धनुष्याकृती, प्रत्येक सुराला वेगळी तार असलेली होती, हे आधी डोळ्यांपुढे आणावे; नाहीतर प्रयोग कळत नाही. दोन्ही वीणा षड्जग्रामात एकसारख्या जुळवायच्या. षड्जग्रामात श्रुतींची वाटणी अशी : सा ४, रे ३, ग २, म ४, प ४, ध ३, नी २. बेरीज २२. ज्या दोन सुरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते संवादी, म्हणजे एकमेकांशी जुळणारे. सा आणि म यांत नऊ, सा आणि प यांत तेरा. आता रे आणि प यांतले अंतर मोजा. गंधाराच्या दोन, मध्यमाच्या चार, पंचमाच्या चार : दहा. म्हणजे रे आणि प जुळत नाहीत. भरत म्हणतो, एका वीणेवरचा पंचम एवढा उतरवा की तो रिषभाशी जुळेल. या उतरवलेल्या अंतराला त्याने प्रमाणश्रुती म्हटले आहे.

येथे थोडे थांबायला हवे, कारण पाठ्यपुस्तके या जागेवरून घाईने पुढे जातात. षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम या दोन भावांनी, म्हणजे ४:३ आणि ३:२ या गुणोत्तरांनी, सापासून सुरुवात करून म आणि प लागतात, मवरून नी लागतो, नीवरून ग लागतो. पाच सूर झाले. रे आणि ध मात्र षड्जग्रामात या साखळीत बसत नाहीत. ते एकमेकांशी जुळतात, उरलेल्यांशी नाही. समजा, पंचमावरून पंचम-भावाने पुढे जाऊन रे लावला असता, तर तो पंचमाशी आपोआप जुळला असता आणि पंचम उतरवायचे कारणच पडले नसते. ज्या अर्थी भरताला रे-प जोडी बेसूर लागते, त्या अर्थी त्याचा रे या साखळीतल्या रेपेक्षा थोडा उतरता होता. किती उतरता, हा आकडा त्याने दिलेला नाही. नंतरच्या अभ्यासकांनी मध्यमावर तंबोऱ्यातल्यासारखा ५:४ चा गोड गंधारभाव धरून ध बसवला आणि त्यावरून रे काढला. हे अनुमान आहे. मला ते पटते, पण ते अनुमान आहे हे विद्यार्थ्याला सांगितलेच पाहिजे.

आता सोनोमीटर बाहेर काढा. दोन तारांचा असेल तर उत्तम. दोन्ही तारा सारख्या जाडीच्या घेऊन घोड्यांमधले अंतर ९० सेंटीमीटर ठेवावे आणि त्या विस्पंद नाहीसे होईपर्यंत एकमेकींशी जुळवाव्यात. हा सा. साधारण १२० हर्ट्‌झच्या आसपास ठेवला तर वजने फार लागत नाहीत. घोडी उंच असेल तर तार ताणली जाते आणि सूर चढतो, तेव्हा फिरती घोडी तारेला जेमतेम टेकेल अशीच घ्यावी. मध्यम ६७.५ सेंटीमीटरवर येईल, पंचम ६० वर. मध्यमाच्या लांबीचे चार-पंचमांश म्हणजे ५४, तो धैवत. धैवताच्या लांबीची दीडपट ८१, तो रिषभ. आता एका तारेवर रिषभ, म्हणजे ८१ सेंटीमीटर, आणि दुसरीवर पंचम, म्हणजे ६०, असे ठेवून दोन्ही एकदम छेडा. रिषभाचा चौथा संनादी येतो सुमारे ५३३ हर्ट्‌झला आणि पंचमाचा तिसरा ५४० ला. सेकंदाला सहा-सात विस्पंद. आता पंचमाची घोडी हळूहळू सरकवत तार लांब करा. विस्पंद मंदावतात आणि ६०.७५ सेंटीमीटरला थांबतात.

पाऊण सेंटीमीटर! आपण वर धरलेल्या अनुमानानुसार भरताची प्रमाणश्रुती ती एवढीच. सेंटमध्ये सुमारे साडेएकवीस. पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा जवळजवळ पाचवा हिस्सा. विद्यार्थ्याने ही घोडी स्वतःच्या हाताने सरकवली, की ‘प्राचीन काळी लोकांचे कान तीक्ष्ण होते’ असले वाक्य तो उत्तरपत्रिकेत लिहिणार नाही. त्याला कळेल की फरक ओळखण्याची युक्ती विस्पंदांत आहे आणि ती त्यालाही जमते.

पुढचा भाग हिशेबाचा आहे. उतरवलेल्या पंचमाला षड्जग्रामाचा पंचम मानून त्या वीणेचे बाकीचे सूरही तेवढेच उतरवायचे. ही पहिली सारणा. मग तीच वीणा आणखी एका श्रुतीने उतरवायची, इतकी की तिचे ग आणि नी दुसऱ्या, स्थिर वीणेच्या रे आणि ध यांच्याशी एकरूप होतील. कारण ग आणि नी दोन श्रुतींचे. तिसऱ्या सारणेत रे आणि ध स्थिर वीणेच्या सा आणि प यांना जाऊन मिळतात, चौथीत सा, म आणि प हे अनुक्रमे नी, ग आणि म यांना. दोन सूर दोन श्रुतींचे, दोन तीन श्रुतींचे, तीन चार श्रुतींचे : चार अधिक सहा अधिक बारा, बावीस.

प्रयोग किती चोख आहे पाहा. त्यात फूटपट्टी नाही, आकडा नाही. प्रत्येक टप्प्याची खूण ‘हा सूर त्या सुरात विरला’ अशी आहे, आणि ती कोणीही तपासू शकतो. पण आता आपल्या धरलेल्या गुणोत्तरांनी चारही सारणांची मापे काढा. चार श्रुतींचे अंतर ९:८, तीनचे १०:९, दोनचे १६:१५ असे येते. त्यावरून पहिली सारणा साडेएकवीस सेंटची, दुसरी ९०ची, तिसरी ७१ची आणि चौथी पुन्हा साडेएकवीसची. म्हणजे ‘एक श्रुती’ प्रत्येक वेळी वेगळी! उलट सगळ्या श्रुती सारख्या धरल्या तर एक श्रुती साडेचोपन्न सेंटची होते आणि मग तेरा श्रुतींचा पंचम ७०९ सेंटवर येतो, शुद्ध पंचम ७०२ वर असतो. तोही किंचित बेसूरच. श्रुती समान की असमान, या वादाचे मूळ येथे आहे. माझ्या मते या प्रयोगातून श्रुतींची मोजदाद कळते, माप कळत नाही, आणि मापाचा प्रश्न भरताच्या माथी मारणे बरोबर नाही. पण याच्या उलट मत असलेले विद्वानही आहेत, आणि विद्यार्थ्याने सोनोमीटरसमोर बसून दोन्ही बाजू चाचपाव्यात.

याच ४-३-२-४-४-३-२ वाटणीत इतिहासाचा आणखी एक धडा दडलेला आहे. प्रत्येक सूर आपल्या वाटच्या शेवटच्या श्रुतीवर असतो, असे प्राचीन ग्रंथ मानतात. तसे केले तर सा ते रे तीन, रे ते ग दोन, ग ते म चार असे अंतर पडते. गाऊन पाहिले तर गंधार-निषाद कोमल, म्हणजे आजच्या काफी थाटाच्या जवळचे सप्तक. भातखंड्यांनी सूर पहिल्या श्रुतीवर ठेवला. आकडे तेच, पण आता सा ते रे चार, रे ते ग तीन, ग ते म दोन. हा झाला बिलावल, त्यांच्या आणि आपल्याही काळचे शुद्ध सप्तक. जुन्या ग्रंथातला ‘शुद्ध गंधार’ हा शब्द वाचून आजचा शुद्ध गंधार गाणारा विद्यार्थी सगळा राग चुकीचा उभा करील. हे केवळ वाचून लक्षात राहत नाही. दोन्ही सप्तके ओळीने पेटीवर वाजवली की मिनिटभरात कळते आणि राहते.

हा विषय महाराष्ट्रात एकेकाळी चांगलाच तापला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी तारेच्या लांबीवरून बावीस श्रुतींची स्थाने बसवण्याचा उद्योग केला आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. कान म्हणून त्यांच्या बाजूला उभे होते साक्षात अब्दुल करीम खाँ. अर्नेस्ट क्लेमंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्यालाही या विषयाने झपाटले आणि श्रुतींच्या जादा पट्ट्या असलेली पेटी तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यात या श्रुतिपेटीवरून वाद झाला. भातखंड्यांचे म्हणणे असे, की रागांची व्यवस्था लावायला बारा स्वर पुरतात. कोण बरोबर? देवलांनी प्रश्न प्रयोगाच्या टेबलावर आणला हे त्यांचे मोठे काम. पण गवई सूर खिळ्यासारखा ठोकत नाही. तो त्याच्याकडे मींडेने येतो, आंदोलन देतो, हलकेच सोडतो. ते पट्टीत बसत नाही. पेटीचा प्रश्न पुढे आकाशवाणीपर्यंत गेला. १९४० मध्ये तेथे पेटीवर बंदी आली आणि १९७१ मध्ये ती सैल झाली. त्या तीस वर्षांत सारंगी टिकायला या बंदीची मदत झाली असेल, पण गंधाराचा प्रश्न काही बंदीने सुटला नाही.

तो मोजायला यंत्रे लागली. १९६३ मध्ये नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून सुरांची मोजणी केली. एकाच रागातला एकच सूर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात, आणि एकाच मैफलीतही तो जागचा हलतो, असे त्यांना आढळले. १९८० च्या दशकात मुंबईच्या एन.सी.पी.ए.मध्ये गाण्याची स्वररेषा आलेखावर उमटवणाऱ्या यंत्राने अशाच प्रकारचे काम झाले. आज ते संगणकावर होते, मुंबईच्या आय.आय.टी.तही त्यावर संशोधन चालते. फोनवरही सुराची उंची दाखवणारी साधने मिळतात. पण आलेखात गंधार २० सेंट खाली दिसला, तर तो बेसूर आहे, की दरबारीच्या आंदोलनाचा खालचा काठ आहे, हे आलेख सांगत नाही. त्याला कानच लागतो, आणि राग ठाऊक असावा लागतो.

ध्वनिमुद्रणांचा उल्लेख आलाच आहे तर एक सावधगिरी. १९०२ पासून आपल्याकडे तबकड्या निघू लागल्या, आणि तेव्हापासून संगीताच्या इतिहासाला ऐकू येणारा पुरावा मिळाला. पण सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच भरल्या जात असे नाही. समजा, एखादी ७४ फेऱ्यांवर भरली आणि आपण ती ७८ वर वाजवली, तर सूर ९१ सेंटने, म्हणजे जवळजवळ एक पट्टी, वर चढतो आणि गाणे पाच टक्क्यांनी जलद होते. मग ‘त्या काळी गवई उंच पट्टीत आणि द्रुत गात’ असा निष्कर्ष निघतो आणि तो प्रबंधात जाऊन बसतो. तयार कानाचा विद्यार्थी ओळखतो, की आवाजाचा पोतच पातळ झाला आहे, तान गळ्याची वाटत नाही. मग तो त्या गायकाची नेहमीची पट्टी कोणती याची विचारपूस करतो आणि फेऱ्या कमी करून पाहतो.

तेव्हा एखादा विद्यार्थी विद्यापीठाची चौकशी करायला आला, तर माहितीपुस्तकातल्या विषयांच्या यादीवर जाऊ नये. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले ते गुरुकुल पद्धत विद्यापीठाच्या चौकटीत आणण्यासाठी. इतरत्र शास्त्राचा भर जास्त, कोठे प्रात्यक्षिकाचा. विभागात जाऊन दोन-तीन गोष्टी बघाव्यात. जुनी ध्वनिमुद्रणे ऐकण्याची जागा आहे का, आणि ती वापरात आहे का. ऐकलेली बंदिश स्वरलिपीत उतरवून घ्यायला लावतात का. भातखंडे पद्धतीत असो की पलुसकर पद्धतीत, रोज दोन ओळी लिहिल्या तरी वर्षभरात कान बदलतो. आणि शास्त्राच्या तासाला वर्गात तंबोरा असतो का. नसेल तर विद्यार्थ्याने तो स्वतः न्यावा. फारसा कोणी हरकत घेत नाही.

सोनोमीटरचा प्रयोग अकरावीच्या मुलांकडून करवून घ्यायचा झाल्यास एक सूचना : आधी त्यांना ६०.७५ हा आकडा सांगू नये. पट्टी कागदाने झाकावी, विस्पंद थांबले की घोडीजवळ पेन्सिलीने खूण करू द्यावी, आणि दहा जणांच्या खुणा झाल्यावर कागद काढावा. खुणा दोन-तीन मिलिमीटरच्या आत पडल्या तर वर्ग चांगला ऐकतो आहे. एखाद्याची खूण फारच लांब गेली तर त्याला पुन्हा एकदा खर्जाच्या तारेजवळ बसवावे.